बसा जी, मी लावते

तुमसरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर बसून, मी एकटीनं चार बायका चालवल्या. एक ठसकेबाज म्हातारी होती. एक नुकतंच लग्न झालेली, सारखी फिसफिस हसणारी. तिसरीला दमा होता. चौथी मी स्वतः. चौघींचे चार आवाज, चार फोन आणि हात मात्र दोनच. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा राणी, दासी आणि पडद्यामागचा घोडा अशी तिन्ही कामं केली होती, आणि टाळ्या घोड्याला पडल्या होत्या. तेव्हापासून मला कुठलीही भूमिका अवघड वाटत नाही. पण त्या पावसाळ्यात केलं ते माझं सगळ्यात मोठं नाटक, आणि ते पाहायला कुणी नव्हतं. कुणी नव्हतं म्हणूनच तर ते करावं लागलं.

माझा मुलगा एकुलता. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीवर गेला तेव्हापासून आमचं घर फार शिस्तीचं झालं होतं. ठेवलेलं भांडं ठेवल्या जागी सापडायचं. आमचे हे सकाळी राईस मिलवर जात, दुपारी जेवायला येत, ‘मीठ’ किंवा ‘वरण’ असा एखादा शब्द बोलत आणि परत जात. माणूस वाईट नाही. पण यांचं दिवसभराचं बोलणं धानाचा भाव करण्यातच संपतं, घरी येतात ते रिकामे होऊन. मला मात्र बोलायला कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर मी कुकरशी बोलते. कुकर निदान शिट्टी तरी देतो.

आणि एके दिवशी मुलगा नोकरी सोडून, दोन मोठाले कॉम्प्युटर गाडीत घालून, घरी आला.

“आई, मी गेम बनवून राहिलो,” तो म्हणाला. “आम्ही तिघं मित्र मिळून. ऑनलाइन. जगातल्या कोणीही यायचं आणि सोबत खेळायचं.”

“बनव बापा. आधी जेव, मग बनव.”

त्यानं वरची खोली घेतली. त्याची खुर्ची फरशीवरून सरकली की खाली स्वयंपाकघरात मला ऐकू यायची. तो विचार करताना येरझाऱ्या घालायचा. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मी खाली भाजी चिरताना त्याच्या पावलांवर सुरी चालवायची. दोन वर्षं त्या छतावर पालीशिवाय काही चाललं नव्हतं.

यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात जेवता जेवता वर्षभराचं बोलून घेतलं. “पोळ्यापर्यंत पाह्य. लोकं आले त चांगलंच हाये. नाई आले त पुण्याची नोकरी धर.” मुलगा ‘हो’ म्हणाला. पुण्याची कंपनी त्याला परत बोलावतच होती. मला त्या गेममधलं फारसं काही कळत नव्हतं. एवढं पक्कं कळलं होतं की लोक खेळायला आले तर वरची खुर्ची सरकत राहील, आणि नाही आले तर नाही.

खेळ होता रोवणीचा. धानाची रोवणी, भाताची लावणी म्हणतात ती. पडद्यावर पाण्यानं भरलेली एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर, भोवती धुऱ्याचा बांध, पलीकडे बोडीचं तळं आणि पळसाची झाडं. चार माणसं आली की खेळ सुरू. चौघांनी एका ओळीत उभं राहायचं, पऱ्याची, म्हणजे रोपांची, पेंडी सोडायची आणि एका लयीत परे चिखलात रोवत मागे मागे सरकायचं. चौघांची लय जमली तर ओळ सरळ येते आणि मागून गाणं चढत जातं. एकजण जरी पुढेमागे झाला तरी ओळ वाकडी आणि गाणं बंद. आठ जणांपर्यंत कुणीही मध्ये येऊन ओळीत शिरू शकतं. बोलायचं असेल तर फोनवर एक बटण दाबून बोलता येतं. मारामारी नाही, गोळीबार नाही, कुणी हरत नाही. धुऱ्यावर एक माठ ठेवलेला, थकलं की तिथं बसायचं.

नागपूरला असे खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा झाला तेव्हा तो हा खेळ घेऊन गेला. परत आला तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत.

“आई, रांग लागली होती रांग! चार अनोळखी पोरं यायची, एकमेकाचं नावही माहीत नाही, आणि दोन मिनिटांत ‘अबे तू हळू चाल न, ओळ वाकडी होऊन राहिली’ म्हणून भांडायची. एक मोठा माणूस आला होता, खेळाच्या धंद्यातला. म्हणाला, हे चालणार.”

मी त्याची दृष्ट काढली. मीठ-मिरचीचा ठसका वरपर्यंत गेला, दोन्ही कॉम्प्युटरना शिंका आल्या असतील.

मग त्यांनी खेळ सगळ्यांसाठी खुला केला. केव्हा? तर ऐन रोवणीच्या दिवसांत. हंगामात आणला म्हणजे लोकांना आपला वाटेल, असा तिघांचा हिशेब. तिघंही हुशार, पण तिघांपैकी एकाच्याही पायाला कधी चिखल लागलेला नव्हता. ज्या बायकांना रोवणी ठाऊक होती त्या सगळ्या रोवणीवर गेलेल्या. आणि ज्यांच्या हातात दिवसभर फोन होता त्यांना परे म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मी मोठ्या उत्साहानं अड्याळला ताईला फोन लावला. ताई माझी मोठी बहीण, घरची शेती, स्वतः बायांबरोबर बांधीत उतरणारी.

“ताई, तुझ्या भाच्याचा गेम आला. फोनमध्ये रोवणी करायची.”

“काय कराची?”

“रोवणी.”

 

“बाई माय,” ती म्हणाली, “दिवसभर चिखलात वाकून वाकून माही कंबर गेली. आता घरी येऊन फोनमधी बी रोवणीच करू का मी? तुह्या पोराले म्हनाव, दुसरी एखादी बनव. बसाची गेम बनव. पाह्य कसे लोकं येतेत.”

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये माझी एक शाळेपासूनची मैत्रीण राहते. तिचा नवरा फॅक्टरीत, मुलं बाहेरगावी, तिलाही दुपार खायला उठते. ती माझ्या शब्दाखातर गेली. संध्याकाळी तिचाच फोन आला.

“मी गेले होते वो, पण कोणीच नव्हतं तिथं. दोन चकरा मारल्या, थोडी उभी राहिली, आली वापस. मले वाटलं माझी तारीखच चुकली का काय. हळदीकुंकू शुक्रवारी आणि मी गुरुवारीच नटून गेली, तसं झालं बाप्पा.”

मी हे मुलाला सांगितलं तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्याची ती बसण्याची जागा लहानपणापासूनची. शाळेत काही बिनसलं की तिथंच बसायचा.

“हेच तर होऊन राहिलं आई,” तो म्हणाला. “लोक येतात. असं नाही की येत नाही. एक येते, पाहते, कोणी दिसत नाही, जाते. तो गेला की दुसरा येते. त्यालेही कोणी दिसत नाही. दिवसभरात चांगले पंधरावीस जण येऊन जातात, पण एकमेकाले भेटतच नाही. नागपूरले त्या हॉलमध्ये माणसं आधीच उभी होती. तिथं कोण खेळवत होतं? गेम नाही, गर्दी.”

“मग एकट्याले लावू दे की. कोणी येईपर्यंत.”

“एकट्यानं लावली त ते रोवणी कायची?”

त्याच्या मित्रांनीही एक तोड सुचवली होती. कॉम्प्युटरची माणसं घालायची. दिसायला माणसासारखी, चालवणारं कुणी नाही. म्हणजे येणाऱ्याला बांधी भरलेली दिसेल. फोनवर त्यांचं केवढं भांडण झालं. मी खालून ऐकत होते. माझा मुलगा सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, “खोटी माणसं नाही टाकणार मी. कोणी सोबत आहे वाटते आणि कोणीच नसते, असं नाही करणार कोणाशी.”

दुसऱ्या दिवशी हे जेवून गेल्यावर मी स्वतः त्या बांधीवर गेले. त्यानंच माझ्या फोनमध्ये खेळ घालून दिला होता, पण मी कधी आत शिरले नव्हते. आणि काय सांगू, पोरानं काय सुंदर जागा केली होती! पाण्यात आभाळ पडलेलं. एक बगळा यायचा, एका पायावर उभा राहायचा आणि उडून जायचा. वारा सुटला की कडेला उभ्या पऱ्यांच्या हिरव्या पेंड्या हलायच्या. पण लावायला कुणी नव्हतं. पाणी भरलेली, चिखल झालेली, सगळी तयारी झालेली बांधी, आणि एकही बाई नाही. मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून जाताना बायांचा कालवा आधी ऐकू येतो, बांधी नंतर दिसते. इथं फक्त बगळ्याच्या पंखांचा आवाज.

मी रोज जायला लागले. दुपारचं आवरून, मागच्या खोलीत, कट्ट्यावर पाय वर घेऊन. एकदा पलीकडच्या धुऱ्यावर कुणीतरी आलं. लाल सदऱ्याचा बाहुला, हळूहळू चालत.  ते बोलायचं बटण मी शोधते आहे, शोधते आहे; घाईत आधी बगळा मोठा झाला, मग आवाज बंद झाला, मग चष्मा खाली पडला. ‘अहो, मी आहे इथं!’ असं मी खोलीत मोठ्यानं ओरडले. पण बटण दाबलेलं नव्हतं. तो थोडा वेळ थांबला, इकडेतिकडे वळला आणि नाहीसा झाला.

त्या दिवशी मी ठरवलं. आता कुणी येईल तेव्हा बांधी भरलेली असेल.

माझा एक फोन होताच. यांचा जुना एक कपाटात पडलेला. मुलाचा काच तडकलेला एक. चौथा मिलवरचा, तो मी यांना दुपारी जेवायला येताना आणायला सांगितला आणि जाताना इथंच राहू द्या म्हटलं. यांनी का म्हणून विचारलं नाही. न बोलणाऱ्या नवऱ्याचे काही फायदेही असतात.

कट्ट्यावर ओळीनं चार फोन मांडले. दोन अंगठे, दोन तर्जन्या. एका लयीत दाबायचं आणि मागे सरकायचं. पहिले काही दिवस माझ्या चार बायका एकमेकींच्या पायावर पाय देत होत्या. पण मी लहानपणी माहेरी अड्याळला आईमागे बांधीत उतरलेली. रोवणीची लय एकदा अंगात गेली की बाहेर निघत नाही. ओळ सरळ यायला लागली. गाणं चढलं. मी एकटी, चौघींत, घामानं भिजलेली आणि अशी खूश, की विचारू नका!

नुसत्या मुक्यानं लावण्यात मजा नाही, म्हणून मी आवाजही काढायला लागले. म्हातारी म्हणायची, “हात चालव न वो, लेकराच्या लग्नाले नाही आली तू.” नवी नवरी हसायची. दमेवाली दर दोन पऱ्यांमागे खोकायची. ती मला सगळ्यात छान जमायची.

आणि लोक आले. खरोखर आले. मुंबईकडची वाटावी अशी एक मुलगी आली.

“काकू, मीपण येऊ? कसं लावायचं, शिकवाल मला?”

“या बाई, या!” म्हातारी म्हणाली. “उन्हाची आली. बसा जी तिथं धुऱ्यावर, पाणी प्या. मी लावते.”

“नाही, मला करायचंय.”

“अवं, राहू दे,” मी माझ्या आवाजात म्हटलं. “हात खराब होतील तुझे.”

ती बसली. आमचं सगळं लावणं पाहत बसली. ‘छान आहे’ म्हणाली आणि गेली. मग कुणी हिंदी बोलणारे गृहस्थ आले. ‘मैं भी लगाऊँ?’ म्हणाले. दमेवाली खोकत खोकत म्हणाली, “अरे नहीं भैया, आप कायको तकलीफ करते. बैठो जी, हम है ना.” तेही बसले. बसून गेले. रोज कुणी ना कुणी यायचं. मी कुणाला हात लावू दिला नाही. आलेल्या प्रत्येकाचं मी इतकं मनापासून केलं, की त्या बांधीला चहा उकळायची सोय असती तर तोही दिला असता.

आता वर काय चाललं होतं ते ऐका. मुलगा एका संध्याकाळी खाली आला तो गाणं गुणगुणत.

“आई, चार जणी रोज येऊन राहिल्या! दुपारी. रोज!”

“हो का? कोण आहेत?” मी भाकरी उलटली, म्हणजे तोंड चुलीकडे राहील.

“माहीत नाही. बायाच असतील, नावं तशी आहेत. पण काय लावतात! ओळ एकदम सरळ. इतकी सरळ त आमच्यापैकी कोणाची नाही येत.”

मी हे कौतुक चौघींमध्ये वाटून घेतलं. त्या रात्री तो एक भाकरी जास्त जेवला. पुण्याहून फोन आला होता, त्यांना त्यानं ‘थोडं थांबा’ सांगितलं. वरच्या येरझाऱ्या पुन्हा वेगानं सुरू झाल्या. मला आणखी काय हवं होतं?

फक्त एक गोष्ट त्याला समजत नव्हती. “चौघी आहेत म्हणून बाकीचे येतात, थांबतात बी थोडे. पण परत नाही येत कोणी. एकही नाही. काहून येत नसतील?”

“येतील,” मी म्हणायची.

पोळा जवळ आला होता. एका दुपारी मी चौघींना घेऊन बांधीत होते. एक नवा बाहुला आला. निळा सदरा. काही बोलला नाही.

“या जी, बसा,” म्हातारी म्हणाली. तो बसला. थोड्या वेळानं उठला आणि सरळ बांधीत उतरला.

“अहो, तुमी कायले...” दमेवालीला खोकला आला. “खो, खो... तुमी कायले चिखलात? बसा जी, मी लावते.”

तो परत धुऱ्यावर गेला. पुन्हा उठला.

“बसा न भाऊजी,” नवी नवरी फिसफिसली. “आमचं होऊनच राहिलं.”

तो बसला. वर खुर्ची सरकली. जिन्यावर पावलं वाजली, एक एक करत, सावकाश. मागच्या खोलीच्या दारात माझा मुलगा उभा होता. हातात फोन. फोनमध्ये धुऱ्यावर बसलेला निळा सदरा.

“आई,” तो म्हणाला, “बसून बसून कंबर दुखली वो.”

मी चार फोनांवर पदर टाकला. म्हणजे चार फोनांवर पदर टाकलेली बाई जितकी निरागस दिसू शकते तितकी दिसले.

तो आधी हसला. इतका हसला की समोरच्या कट्ट्यावर बसला, डोळे पुसले, दमेवालीचा खोकला काढून दाखव म्हणाला. मी काढून दाखवला. परत हसला. मग हसता हसता थांबला आणि फोन खाली ठेवला.

“चौघीही तूच होती.”

“तुले कसं कळलं? आवाज त मी चार काढले.”

“आवाज चारच होते. पण बोलणं एकच होतं. आलेल्याले बस म्हणतात, आणि काम हातात घेऊ देत नाही. असं जगात आणखी कोण करते?”

“मग काय करू? पहिल्यांदा दारात आलेला माणूस, त्याले लगेच कामाले लावू?”

“आई, तो बसायले नव्हता आला. लावायले आला होता.”



आमच्याकडे पाहुण्यानं जेवून स्वतःचं ताट उचललं तर चार खोल्यांतून चार माणसं धावतात. पाहुण्याला काम करू देणं म्हणजे घराची अब्रू गेली. यात मला कधी काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. पण बांधीवर असं नसतं, हे मला माहीत होतं की! अड्याळला मी लहान होते तेव्हा, उशिरा आलेल्या बाईला कुणी ‘या, बसा’ म्हणत नसे. कुणी मान वर करूनही पाहत नसे. ओळीतल्या बायका थोड्या सरकायच्या, माणूसभर जागा व्हायची, आणि तिच्या पुढ्यात चिखलात पऱ्याची पेंडी येऊन पडायची. थप्प. तेच तिचं ‘या’. एवढी जुनी गोष्ट मी कशी विसरले? ती बांधी माझ्या मुलाची होती म्हणून. मी तिथं रोवणीला गेलेच नव्हते. मी घर सांभाळायला गेले होते.

“उद्यापासून नाही म्हणत बस,” मी म्हटलं. “पेंडी फेकते.”

त्यानं मान हलवली. तीन फोन उचलले आणि एक एक करून बंद केले. म्हातारी गेली. नवी नवरी गेली. दमेवाली गेली.

“खोटी माणसं नको, आई.”

“खोटी कुठं? मी होती न त्यांच्यात.”

“तू एकच होती,” तो म्हणाला. मग कट्ट्यांकडे बघून, “रोज दुपारी इथं बसत होती तू?”

“कट्टे मऊ आहेत,” मी म्हटलं.

माझ्यामुळे तो खेळ पडला असं मी म्हणणार नाही, तेवढा मान मला द्यायलाही तो तयार नव्हता. त्याचं म्हणणं, माझ्या आधीही लोक येऊन जातच होते. चार माणसं एका वेळी एका जागी यावीत, एवढं एकच त्या खेळाचं मागणं होतं, आणि तेवढंच जमलं नाही. नागपूरचा मित्र म्हणाला, दोन माणसांवर सुरू होऊ दे. पुण्याचा म्हणाला, एकावर. माझ्या मुलानं ऐकलं नाही. हट्टी आहे. आईवर गेला आहे.

पोळ्याला घरासमोरून बैल गेले, शिंगांना रंग, पाठीवर झुली. हे दारात उभे राहून पाहत होते. मुलगा वर बॅग भरत होता. तुमसर रोड स्टेशनवर गाडी लागली तेव्हा यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गेम चांगली होती.” यांनी ती कधी पाहिली, देव जाणे.

“दिवाळीपर्यंत चालू ठेवतो, आई,” तो खिडकीतून म्हणाला. “मग बंद करावी लागेल.”

त्यानंतर मी एकाच फोनवर जात राहिले. एकटीनं खेळ सुरूच होत नाही, त्यामुळे मी धुऱ्यावर बसायची. इतके दिवस मी दुसऱ्यांना बसवलं होतं, स्वतः कधी बसले नव्हते. तिथून बांधी वेगळीच दिसत होती. समोर सगळं आभाळच, आणि माठाच्या कडेला पोरानं एक छोटा तडा काढला होता, आमच्या अंगणातल्या माठाला आहे तसाच, तिथंच. मी तो तडा पाहत बसायची. वर छतावर काही वाजायचं नाही.

एकदा ती मुंबईकडची मुलगी आली. हो, तीच, बाहुलीच्या डोक्यावर नाव तेच. मी उठले. तोंडाशी आलेलं ‘बसा’ गिळलं आणि एक पेंडी उचलून तिच्या पुढ्यात टाकली. थप्प! ती हसली.

“आज मला लावू देणार?”

“लाव न. आता दोन माणसं आली की झालं.”

आम्ही दोघी हातात परे घेऊन उभ्या राहिलो. बगळा आला, एका पायावर उभा राहिला, गेला. ती कुठल्याशा ऑफिसात कामाला होती, जेवणाच्या सुट्टीत आली होती. तिच्या आईनं एकदा लहानपणी तिला शेत दाखवलं होतं म्हणे, कुठलं ते तिला आठवत नव्हतं. मी तिला परे कसे धरायचे ते सांगितलं: अंगठ्यानं दाबायचं आणि लगेच सोडायचं. कुणी आलं नाही.

“काकू, निघते आता, काम आहे. त्या बाकीच्या तिघी कुठं गेल्या?”

“त्यांची रोवणी आटोपली,” मी म्हटलं.

“बरं. येईन परत.”

ती परत आली नाही. आली असेल तर मी नसताना आली असेल. नंतर एक दिवस मी खेळ उघडला तर बांधीच आली नाही, नुसता काळा पडदा.

दिवाळीला मुलगा आला. त्याचं जेवण झालं आणि तो ताट घेऊन मोरीकडे निघाला. मी ओरडले, “ठेव ते! बस तू, मी करते.”

तो ताट हातात धरून तसाच उभा राहिला. हसला नाही. यांनी पण घास थांबवला. पुण्याहून आल्यापासून मी त्याला पाण्याचा ग्लासही स्वतः घेऊ दिला नव्हता. आंघोळीचं पाणी काढून, टॉवेल बाहेर ठेवून, चप्पल सरळ करून दिली होती. तो आल्यापासून सोफ्याच्या टोकाला बसून होता, धुऱ्यावर बसावं तसा.

मी त्याच्यापुढून बाजूला झाले. त्यानं ताट घासून पालथं घातलं, तेही चुकीच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंज्या करायच्या होत्या. मी पोळपाट घेऊन बसले, सारणाचा डबा मध्ये ठेवला, आणि जिन्यातून तो उतरताना दिसला तेव्हा काही बोलले नाही. जरा सरकले, सतरंजीवर जागा झाली, आणि कणकेचा एक गोळा त्याच्या पुढ्यात टाकला.

तो बसला. लाटायला लागला.

“तुम्हीपण,” मी यांना म्हटलं. यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे, मग कणकेकडे पाहिलं, आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. तिघं झालो. त्याच्या खेळात तिघांवर काही सुरू झालं नसतं.

“आई, माझी वाकडी होऊन राहिली.”

“होऊ दे,” मी म्हटलं. “उठायचं नाही.”